मांडव्याचा प्रयोग बंद का पडला? पेण-रोह्याकडून वाचलेला आरोग्याचा इतिहास

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस. या टप्प्यावर आपल्यापैकी बरेच जण एकच शीर्षक थोडंफार बदलून लिहितात : 'अमुक संस्थेच्या आरोग्यकार्याचा चिकित्सक अभ्यास'. 'चिकित्सक' हा शब्द शीर्षकात असतो, आत कुठे सापडत नाही. आत असतात संस्थेचे वार्षिक अहवाल, लाभार्थ्यांचे आकडे आणि शेवटी 'संस्थेचे कार्य उल्लेखनीय आहे' हे वाक्य. व्हायवाला एक साधा प्रश्न आला की हे सगळं कोसळतं : काम इतकं चांगलं होतं, तर मग ते बंद का पडलं? किंवा उलट : इतकी वर्षं टिकलं कसं?

माझं क्षेत्र रायगड जिल्ह्यातले पेण आणि रोहा हे दोन तालुके. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीत केलं, त्यामुळे सुरुवातीला मला रोग दिसायचे, माणसं नंतर. स्वयंसेवी संस्थांनी या भागात दिलेल्या आरोग्यसेवेचा इतिहास शोधायला लागलं की एका नावापाशी थांबावंच लागतं, आणि ते नाव पेण किंवा रोह्याचं नाही. पेणहून वडखळ, पोयनाड, अलिबाग करत समुद्राकडे गेलं की जे मांडवा लागतं, तिथलं ते आहे. आज मांडवा म्हटलं की लोकांना मुंबईची बोट आणि शनिवार-रविवारचे बंगले आठवतात. सत्तरच्या दशकात तिथे जे झालं ते भारतातल्या सामुदायिक आरोग्याच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं प्रकरण आहे. तेव्हा जिल्ह्याचं नावही कुलाबा होतं. रायगड हे नाव 1981 मध्ये आलं. जुनी कागदपत्रं शोधताना हे लक्षात ठेवा, नाहीतर कॅटलॉगमध्ये 'रायगड' टाकाल आणि हाती काही लागणार नाही.

या प्रयोगामागे होते डॉ. नोशीर अंतिया. प्लास्टिक सर्जन. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले. परत आल्यावर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. आता प्रश्न पडेल की प्लास्टिक सर्जन खेड्यात कशाला? याचं उत्तर कुष्ठरोगात आहे, आणि तिथे माझ्या मायक्रोबायोलॉजीचा थोडा उपयोग होतो.

कुष्ठरोगाचा जिवाणू त्वचेत आणि परिघीय मज्जातंतूंत राहतो. अतिशय हळू वाढतो. लागण आणि लक्षण यांत वर्षं जातात. पहिलं लक्षण म्हणजे बहुधा एक फिकट चट्टा, ज्यावर कापूस फिरवला तर कळत नाही. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही. पुढे मज्जातंतू निकामी होतात, बोटं वाकतात, संवेदना नसल्याने भाजतं, कापतं, जखमा चिघळतात. सर्जनसमोर जो माणूस येतो तो या सगळ्याच्या शेवटी. वाकलेला हात शस्त्रक्रियेने बऱ्यापैकी सरळ करता येतो, अंतियांनी ते काम मोठ्या प्रमाणावर केलं. पण तोच चट्टा आधी कोणी ओळखला असता आणि गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर शस्त्रक्रिया लागलीच नसती. त्या काळी औषध होतं डॅप्सोन. गोळी स्वस्त, पण वर्षानुवर्षं घ्यायची. बहुऔषध उपचार आले ते 1982 नंतर. म्हणजे या रोगाला हवं काय? चट्टा ओळखणारे डोळे आणि गोळी घेतली का हे विचारायला रोज दारावरून जाणारं माणूस. दोन्ही गोष्टी जे. जे.च्या वॉर्डात मिळत नाहीत. त्या गावातल्या शेजारणीकडे असतात.

हा मुद्दा एकदा कळला की मांडव्याचं सगळं गणित कळतं. 1975 मध्ये अंतियांनी फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ ही संस्था काढली. मांडव्याच्या परिसरातली 30 गावं, लोकसंख्या साधारण 30 हजार. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण द्यायचं आणि बहुतेक प्राथमिक आरोग्यसेवा त्यांच्याच हातून होऊ द्यायची. माता-बालसंगोपन, कुटुंबनियोजन, संसर्गजन्य रोग हे सगळं. काम साधारण दहा वर्षं चाललं. त्यातून काय दिसलं ते अंतियांनी 1988 मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ हेल्थ सर्व्हिसेस'मध्ये मांडलं. थोडक्यात सांगायचं तर, योग्य माहिती आणि पाठबळ मिळालं तर या बायका आरोग्यसेवेचा बहुतांश भाग सांभाळू शकतात, तोही अगदी कमी खर्चात.

आणि तरीही प्रकल्प बंद पडला.

अंतियांच्या मांडणीनुसार कारण वैद्यकीय नव्हतं. सरकारी यंत्रणा, खासगी व्यवसाय आणि स्थानिक राजकीय नेतृत्व यांचे हितसंबंध दुखावले गेले. हे वाचताना मी थांबले, कारण प्रयोग बंद पडल्याचं सांगणारा शोधनिबंध आपल्या क्षेत्रात विरळा. संस्था यशाचे अहवाल छापतात, अपयश कपाटात जातं. ज्याने प्रयोग उभा केला त्यानेच तो का मोडला हे जर्नलमध्ये लिहिणं, याला धाडस लागतं. त्याबद्दल मला आदर आहे. पण आदर वेगळा आणि साधनचिकित्सा वेगळी.

आता साधन म्हणून या निबंधाकडे बघा. लिहिणारा कोण? प्रयोगाचा जनक. लिहिलं कधी? प्रयोग संपल्यानंतर. कोणासाठी? आंतरराष्ट्रीय वाचकांसाठी, इंग्रजीत. या निबंधात 'गाव' आहे, 'गावातल्या बायका' आहेत, 'हितसंबंध' आहेत. पण हे सगळं एका बाजूने, मुंबईकडून आलेल्या माणसाच्या नजरेने पाहिलेलं आहे. यात खोटेपणा नाही. प्रत्येक साधनाला एक बाजू असते, आणि संशोधकाचं काम दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहण्याचं.

दुसऱ्या बाजूला काय होतं? हा भाग काही कोरी पाटी नव्हता. मांडवा ज्या अलिबाग तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, पोयनाडजवळच्या चरी इथून, 1933 मध्ये खोतीविरुद्ध कुळांचा संप सुरू झाला आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो जवळपास सहा वर्षं चालला. सहा वर्षं जमीन पडीक ठेवायची, जंगलातला लाकूडफाटा विकून पोट भरायचं, आणि मागे हटायचं नाही! पुढे शेतकरी कामगार पक्षाची पाळंमुळं इथेच घट्ट झाली. म्हणजे 'लोकसहभाग' हा शब्द सामुदायिक आरोग्याच्या पुस्तकांत येण्याच्या कितीतरी आधी इथल्या आगरी कुळांनी तो करून दाखवला होता. सत्ता कशी मिळवायची, कोण कोणाला उत्तर देतो, बाहेरून आलेल्या माणसाकडे कसं बघायचं, याचा इथल्या लोकांना दांडगा अनुभव होता. आरोग्याच्या साहित्यात मात्र 'कम्युनिटी' अशी येते, जणू प्रकल्प येईपर्यंत ती झोपलेलीच होती. माझं मत असं की मांडवा समजून घ्यायला चरी वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. हितसंबंध या शब्दाला इथे जमिनीचा, पक्षाचा आणि जातीचा इतिहास आहे. तो सोडून दिला तर 'हितसंबंध' म्हणजे नुसती शिवी उरते.

आणखी एक गोष्ट. तो काळच तसा होता. 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं होतं, तिथेही गावातल्या निरक्षर बायकाच आरोग्यसेविका होत्या. 2 ऑक्टोबर 1977 रोजी केंद्र सरकारने दर हजार लोकवस्तीला एक अशी सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची योजना आणली, महिन्याला 50 रुपये मानधन. या योजनेत बहुतेक ठिकाणी पुरुष निवडले गेले. बाळंतपण, पाळी, तान्ह्या मुलाचं जुलाबाचं दुखणं हे बायका पुरुष कार्यकर्त्याला सांगणार का, असा प्रश्न निवड करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. 1978 मध्ये अल्मा-आटाची परिषद झाली आणि 'सन 2000 पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा सगळीकडे पोहोचली. म्हणजे मांडव्यात जे चाललं होतं त्याच्या बाजूने जग बोलत होतं. मग स्थानिक पातळीवर ते का तगलं नाही? जामखेड का टिकलं?

इथे तुलना करायचा मोह होतो. करा, पण जपून. जामखेडला आरोळे दांपत्य तिथेच राहत होतं, हॉस्पिटल तिथेच होतं, आणि 1972च्या दुष्काळात पाणी आणि अन्न या प्रश्नांतून त्यांचं नातं गावांशी जुळलं. मांडवा मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे.

मला त्याहून जवळची तुलना जास्त उपयोगी वाटते. पनवेलहून पेणला येताना कर्नाळ्याच्या पुढे तारा हे गाव लागतं. युसुफ मेहेरअली सेंटरची स्थापना 1961ची. स्वातंत्र्यसैनिक आणि डॉक्टर असलेले जी. जी. परीख त्याच्या केंद्रस्थानी होते. तारा इथल्या कामाची सुरुवातही आरोग्यापासूनच झाली, मुंबईहून डॉक्टर सुटीच्या दिवशी येऊन लोकांना तपासायचे. दवाखाना राहिला, पण त्याच्या भोवती तेलघाणी आली, साबण आला, कुंभारकाम आलं, शाळा आल्या. तारा आजही चालू आहे. दोन्ही ठिकाणी मुंबईचे डॉक्टर, दोन्ही ठिकाणी हाच जिल्हा. फरक मला असा दिसतो : ताऱ्याने सरकारी यंत्रणेच्या शेजारी आपलं घर बांधलं, मांडव्याने सरकारी यंत्रणेच्या घरातच प्रश्न विचारला. हे काम जर जेमतेम शिकलेली बाई इतक्या कमी पैशात करते, तर प्राथमिक आरोग्य केंद्र कशासाठी आहे? असा प्रश्न विचारणाऱ्याला पाहुणा म्हणून चहा मिळतो, पण पुन्हा बोलावलं जात नाही. हे माझं अनुमान आहे आणि प्रबंधात ते अनुमान म्हणूनच लिहिलं जाईल. तुम्हीही तुमच्या लिखाणात 'असे दिसते' आणि 'असे आहे' यांतला फरक सोडू नका, गाईडने खोडला तरी.

आता पेण आणि रोह्याकडे येते, कारण मांडव्याचा निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येत नाही. पेणच्या खाडीपट्ट्यात, वडखळ-धरमतरच्या बाजूला, आगरी-कोळी गावं मांडव्यासारखीच दाट आणि स्थिर. पण दोन्ही तालुक्यांच्या डोंगराकडच्या अंगाला कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मांडव्याची कल्पना उभी होती 'शेजारीण' या नात्यावर. शेजारच जर सात-आठ महिने भट्टीवर असेल, तर आरोग्यसेविका कोणाच्या दारात जाणार? बाळाचा दुसरा डोस कोणत्या गावाच्या यादीत? क्षयरोगाच्या गोळ्या कोण मोजणार? एकाच जिल्ह्यात, तासा-दोन तासांच्या अंतरावर, चांगल्यात चांगलं मॉडेल लंगडं होतं. नकाशावर अंतर मोजून 'समान परिस्थिती' असं लिहिणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि आशा आली. गावातलीच बाई, साधारण हजार लोकवस्तीला एक. मांडव्याचं, जामखेडचं आणि नंतर अंतियांच्या संस्थेने पुरंदर तालुक्यातल्या परिंचे भागात केलेल्या कामाचं रूप तिच्यात ओळखू येतं. अर्धंच रूप, खरं तर. बाई घेतली, पण निर्णय वरच राहिला. कामागणिक मोबदला, वर रजिस्टरांचा ढीग, आणि मानधनासाठी महाराष्ट्रात 2023 मध्ये करावा लागलेला संप. मांडव्यात बायकांवर विश्वास टाकला तेव्हा वरच्यांना अडचण झाली. आशेच्या बाबतीत ती अडचण होऊ नये याची सोय आधीच करून ठेवलेली दिसते. कडवट वाटेल, पण मोबदल्याचे तक्ते समोर ठेवून वाचा.

राहिला मुद्दा साधनांचा. अंतिया 2007 मध्ये गेले, त्यांचं लिखाण ग्रंथालयांत आहे आणि तिथेच राहील. ज्या बायकांनी दारोदार जाऊन चट्टे तपासले, त्यांचं लिखाण नाही. तेव्हा पंचविशीत असलेली बाई आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. कोणाला विषय हवा असेल तर हा मोकळा आहे. मौखिक इतिहासाचं प्रशिक्षण आधी घ्या, एथिक्स कमिटीची परवानगी हातात ठेवा, आणि प्रश्नावली पुस्तकी मराठीत नेऊ नका. 'आपण आरोग्य कार्यकर्ती म्हणून कार्यरत असताना' असं विचारलंत तर समोरून 'हो', 'नाही' एवढंच येईल. आगरी बोली येणारं कोणीतरी सोबत असू द्या, पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका, आणि भातलावणीच्या दिवसांत जाऊच नका.