आजाच्या रेडिओवर एफएम का लागत नाही?

परवा माळ्यावरून आजाचा वॉल्व्हचा रेडिओ खाली काढला. पोरगं म्हणालं, "बाबा, यावर एफएम लावून दाखवा ना." नाही लागणार. आपल्या देशात एफएम आलं तेच २३ जुलै १९७७ ला, तेही मद्रासला. तोवर वॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आला होता. आपल्याकडच्या वॉल्व्ह सेटांवर मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह, बस. एफएमचे वॉल्व्ह ट्यूनर अमेरिका-युरोपात बनले. शौकीन लोक ते आजही वापरतात. पण सेट तापेपर्यंत स्टेशन सरकत राहते, आणि बाहेर उंचावर अँटेना नसेल तर कितीही महागडा ट्यूनर असो, खरखरच.

आता आपली गोष्ट. नागपूर आकाशवाणी सुरू झाली १६ जुलै १९४८ ला. आजानं रेडिओ घेतला तेव्हा केशोरी भंडारा जिल्ह्यात होती (गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा झाला). आमच्या घरी लाइट नव्हती. सेट बॅटरीचा, दीड व्होल्ट वॉल्व्हच्या तारा तापवायला आणि ९० व्होल्ट वेगळे. बॅटरी महाग, म्हणून बातम्या झाल्या की बंद. लायसन्सची फी दरवर्षी पोस्टात भरायची. कवेलूच्या वर दोन बांबूंना तांब्याची तार ताणली होती. आजी सांगायची, १९७१ च्या लढाईत अंगणात पाय ठेवायला जागा नसायची आणि मागचे ओरडायचे, "आवाज येऊन राह्यला का गा?"

येत होता. शंभरहून जास्त किलोमीटरवरून, जंगल ओलांडून. मीडियम वेव्हची लहर शेकडो मीटर लांब, ती जमिनीला धरून चालते. एफएमची लहर तीन मीटरची. आवाज स्वच्छ, पण चाल सरळ. मधे टेकडी आली की पलीकडं सावली. आणि इटियाडोह-नवेगावबांधकडं टेकड्यांना काय तोटा?

आता हिशेब बघा. १८ मे १९८८ ला नागपुरातून आकाशवाणीचा राष्ट्रीय चॅनल सुरू झाला, ट्रान्समीटर दहा लाख वॉटचा. जानेवारी २०१९ मध्ये चॅनल बंद. २८ एप्रिल २०२३ ला देशात ९१ नवे एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, प्रत्येकी १०० वॉटचे. सगळे मिळून ३५ हजार चौरस किलोमीटर भाग येईल असं सांगितलं गेलं. मी भागाकार केला. एकाच्या वाट्याला साधारण ३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे चारी बाजूंनी अकरा किलोमीटर. शहराला ठीक आहे. जिल्ह्याच्या टोकावरच्या केशोरीला काय?

मी करून पाहिलं. पाऊण-पाऊण मीटरच्या दोन दांड्या, टीव्हीची जुनी चपटी वायर, बांबूवर चढवून गच्चीत. एक स्टेशन रात्री छान लागलं, सकाळी गायब. कोणी बसवणार असेल तर अँटेना आडवी-उभी दोन्ही करून बघा, आणि बांबू जितका उंच तितकं बरं.

गेल्या पावसाळ्यात दोन दिवस मोबाइलला रेंज नव्हती. धरणाचं पाणी सोडलं की नाही, हे विचारायला माणूस मोटारसायकलवर पाठवावा लागला. मीडियम वेव्ह एकेक करून बंद होत आहेत आणि एफएम इथवर पोहोचत नाही. मग अशा दिवशी आपल्याला सांगणार कोण? हा प्रश्न ग्रामसभेत मांडायचा विचार आहे, सोबत कोण आहे ते सांगा.

आणि हो, आजाच्या सेटचा एक वॉल्व्ह गेलाय. अर्जुनी-वडसा भागात जुना रेडिओ मिस्त्री कोणाच्या ओळखीचा असेल तर कळवा.