पाटी बदलली, पान तेच

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आठवतात, सनदा आठवतात, फार तर एखादा ताम्रपट. आमच्या बेळगाव भागात तर इतिहास म्हटला की १९५६ हे साल आधी आठवते आणि मग दुसरे काही आठवेनासे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, एकटा चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ साली बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. या प्रत्येक तारखेला गावातल्या पाट्या बदलल्या. पाट्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत आणि तो लिहिलाही पाहिजे. पण त्या पाटीखालून आत गेल्यावर जे पान वाढले जाते, त्याचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. मी गेली अनेक वर्षे या भागातल्या खाणावळी, उपाहारगृहे आणि मिठाईची दुकाने खात-खात हिंडलो आहे. त्या हिंडण्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो. खवय्याचा पक्षपात त्यात असणारच, तो सांभाळून घ्यावा.

सुरुवात शब्दापासून करू. 'खाणावळ' हा शब्द आपण जागेसाठी वापरतो, पण त्याची ठेवण पाहा. दळणावळ म्हणजे दळण्याचे पैसे, धुणावळ म्हणजे धुण्याचे पैसे, लिहिणावळ म्हणजे लिहिण्याचे. त्याच चालीवर खाणावळ म्हणजे मुळात खाण्याचे पैसे. पुढे जिथे ते पैसे द्यायचे त्या जागेलाच हे नाव पडले. म्हणजे या एका शब्दात एक मोठा सामाजिक बदल दडलेला आहे. घरचे, देवळातले किंवा यजमानाचे अन्न खाणारा माणूस पैसे मोजून परक्याच्या हातचे जेवू लागला, हा तो बदल. बेळगावात तो घडायला कारणेही तशीच होती. इंग्रजांची छावणी म्हणजे आपला कॅम्प, १८८०च्या दशकात आलेली रेल्वे, जिल्ह्याची कचेरी, आणि पुढे १९३३ साली निघालेले लिंगराज व १९४५ साली निघालेले राणी पार्वतीदेवी महाविद्यालय. खानापूर, चिकोडी, गोकाक, सावंतवाडी, कारवार अशा चहूबाजूंनी कारकून, विद्यार्थी आणि पक्षकार येत. त्यांच्या पोटाची सोय कोणीतरी करायला हवी होती.

ती सोय बहुधा बायकांनी केली. एखादी विधवा, एखादी कर्ज डोक्यावर असलेली गृहिणी घरच्याच चुलीवर चार पाने जास्त टाकी, आणि चाराची चाळीस कधी होत ते कळत नसे. महिन्याचा हिशेब असे. गावी गेलेल्या दिवसांचे 'खाडे' धरले जात, आणि खाड्यांवरून होणारी घासाघीस हा महिनाअखेरचा ठरलेला कार्यक्रम. मी महाविद्यालयात असताना ज्या खाणावळीत जेवलो, तिथल्या काकू वही न ठेवता चाळीस जणांचे खाडे तोंडपाठ सांगत. मराठी मुलांशी मराठीत, बैलहोंगलच्या मुलांशी कन्नडात, आणि कारवारच्या मुलाला रागवायचे असले की कोकणीत. द्वैभाषिक जिल्हा म्हणजे काय, हे मला जनगणनेच्या तक्त्यांपेक्षा त्या पंगतीत अधिक चांगले कळले. अशा काकूंचे नाव कुठल्याही ग्रंथात नाही. पण दोन पिढ्यांचे शिक्षण त्यांच्या आमटीवर झालेले आहे.

हे सगळे गोडच होते असे मात्र म्हणता येणार नाही. जुन्या पाट्यांवर गावाच्या नावाआधी जात लिहिलेली असे. ब्राह्मण खाणावळ, मराठा खाणावळ, लिंगायत खानावळ. पाटी वाचून माणूस आत शिरे किंवा पुढे जाई, आणि काहींना तर कुठल्याच पाटीखाली जागा नव्हती. कपबशी वेगळी, बसायचे बाहेर. शेजारच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला, ही गोष्ट आपल्याकडे गौरवाने सांगतात. पण एक कप चहा पिण्याचा इतिहास व्हावा लागला, यातच त्या काळाची स्थिती कळते. १९५० साली राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने उपाहारगृहाचे दार सर्वांना उघडे केले, १९५५च्या कायद्याने मज्जाव हा गुन्हा ठरवला. आज ज्या टेबलाशी आपण कोण शेजारी बसले आहे हे न बघता डोसा खातो, ते टेबल आपोआप आलेले नाही.

या बदलाला हातभार लावणारे एक कारण व्यापारी होते, ते म्हणजे उडुपी हॉटेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण कन्नड भागातली मंडळी इडली-डोशाची भांडी घेऊन निघाली आणि मद्रासपासून मुंबईपर्यंत पसरली. मुंबईत माटुंग्याला १९४२ साली निघालेले रामा नायक यांचे उडुपी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. संगमरवरी टेबल, झटपट वाढणे, रोखीचा व्यवहार आणि कोणी कोणाला जात न विचारणे, ही त्यांची पद्धत खाणावळीपेक्षा वेगळी होती. आमच्याकडे त्या डोशाला लोणी भेटले. लोणीडोशाचे मोठे गाव दावणगेरे खरे, पण तिथे सांगतात ती कथा मोठी मजेची आहे. चेन्नम्मा नावाच्या बाई १९२८ साली बेळगाव जिल्ह्यातून मुलांसह दावणगेरेला गेल्या आणि नाटकगृहाबाहेर डोसे विकू लागल्या, तिथून तो डोसा वाढला. म्हणजे लोणीडोसा ही आपल्या जिल्ह्याने दक्षिणेला दिलेली लेक, आणि ती आता माहेरपणाला बेळगाव-कोल्हापुरात आली आहे! माझ्या मते चांगल्या लोणीडोशाची परीक्षा बटाट्याच्या भाजीत नाही, कडेला आहे. कड कुरकुरीत आणि पोट जाळीदार असेल, वर टाकलेला लोण्याचा गोळा तुमच्या डोळ्यांदेखत विरघळत असेल, तर समजावे की तवा जाणत्याच्या हाती आहे.

डोसा दक्षिणेचा आणि मांडे आपले, असे म्हणणाऱ्यांसाठी एक जुना पुरावा सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. या राज्यात आजच्या दक्षिण महाराष्ट्राचा आणि उत्तर कर्नाटकाचा मुलूख एकत्र नांदत होता. त्या ग्रंथातल्या भोजनप्रकरणात गव्हाचे 'मंडक' आहेत, उडदाची 'इड्डरिका' आहे, आणि 'धोसक'ही आहे. मांडे आणि डोसा एकाच राजाच्या पानात! इडली तर त्याहून आधी, सुमारे ९२० सालच्या 'वड्डाराधने' या कन्नड ग्रंथात 'इड्डलिगे' या नावाने भेटते. नऊशे वर्षांपूर्वीच्या मुदपाकखान्यात जी सीमा नव्हती, ती आज आपण ताटात आखायला निघालो तर आचारी हसतील.

मांड्यांचे आपल्याकडचे नाते मात्र खास जिव्हाळ्याचे. ज्ञानदेवांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजल्याची कथा घरोघरी माहीत आहे, आणि 'मनातले मांडे' हा वाक्प्रचार तर जे कधी मांडे खात नाहीत तेही वापरतात. बेळगावात मात्र मांडे मनातले नाहीत, लग्नातले आहेत. पालथ्या भांड्यावर रुमालाएवढी पातळ पोळी टाकायची, आत पिठीसाखर, तूप, खसखस, वेलची, आणि गरम आहे तोवर घडी घालायची. क्षणभर उशीर झाला की घडी मोडते. हे काम करणाऱ्या बायकांची मनगटे पाहावीत! चांगला मांडा दाताखाली चुरतो आणि जिभेवर विरतो. दूध ओतून खाणारेही आहेत, पण मी कोरडाच खाणाऱ्या पंथाचा आहे.

आणि कुंदा? बेळगावचे नाव काढले की पाहुणा आधी कुंदाच मागतो. आपण तो आपला म्हणून अभिमानाने पुढे करतो, पण त्याची जन्मकथा परदेशी आहे. राजस्थानातून आलेल्या एका मारवाडी मिठाईवाल्याच्या चुलीवर दूध विसरून राहिले, ते आटून-आटून तपकिरी झाले आणि त्यातून कुंदा जन्मला, असे सांगतात. कथा खरी की रचलेली हे सोडून द्या. कॅम्पातल्या पुरोहितांसारखी दुकाने राजस्थानी घराण्यांचीच आहेत हे तर डोळ्यांपुढे आहे. धारवाडच्या पेढ्याचेही तेच. तो करणारे ठाकूर घराणे उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आले. म्हणजे हिंदी मुलखातला माणूस, कन्नड गाव, आणि पेढ्याला गिऱ्हाईक निम्मे मराठी. कुंद्याबद्दल माझे मत विचाराल तर तो ताजा, कोमट आणि जरा रवाळ हवा. साखर करपण्याच्या अगदी उंबरठ्यावर नेऊन परत आणलेली असावी. डब्यातून प्रवास केलेला कुंदा गोड लागतो, पण बोलत नाही.

तिखटाच्या बाजूला आलो की सावजी खाणावळीला मान द्यावा लागतो. हुबळी, गदग, बेळगाव भागातला सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाज मूळचा विणकरांचा. घरची बोली ना मराठी ना कन्नड, बाजारात मात्र दोन्ही अस्खलित. मागावरचे काम मंदावले तसे काहींनी घरचा मसाला बाहेर आणला. नागपूरचे सावजी ते वेगळे, तिथली मंडळी हलबा कोष्टी, पण तीही विणकरच. दोन दूरच्या गावांत विणकरांनीच झणझणीत रश्श्याच्या खाणावळी काढाव्यात, यातून मागाच्या आणि पोटाच्या नात्याबद्दल पुष्कळ कळते. बिर्याणीसाठी नियाजचे नाव तर बेळगावबाहेरही गेले आहे. सणाला ज्यांच्या घरी पुरण शिजते अशी कुटुंबे रविवारी तिथे सहकुटुंब दिसतात, आणि त्यात मला काही विसंगत वाटत नाही.

शेवटी रोजच्या पानाकडे येऊ, कारण खरा इतिहास तिथे आहे. ज्वारीची भाकरी, झुणका, भरली वांगी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही आणि कांदा. हेच पान अथणीत 'जोळद रोट्टी', 'एण्णेगायी', 'शेंगा चटणी' म्हणून येते. झुणका तिथेही झुणकाच, उसळ 'उसळी', थालीपीठ 'तालिपट्टी'. आपण त्यांच्याकडून 'कडबू' घेतला. जुन्या कन्नडातल्या 'प'चा पुढे 'ह' झाला; 'पालु'चे 'हालु' झाले. हे लक्षात घेतले की आपली पोळी आणि त्यांची 'होळिगे' बहिणी वाटू लागतात. कोणी कोणाकडून आधी घेतले याची भांडणे करता येतील, पण दोघींचे सारण तेच.

आणि आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. हुबळी, धारवाड, विजापूर भागात हिंडताना पाट्या वाचत चला. कन्नड लिपीत, ठळक अक्षरांत जागोजागी एक शब्द दिसेल, 'खानावळी'. बसवेश्वर खानावळी, लिंगायत खानावळी. आपल्या दळणावळ-धुणावळीचा तो भाऊ तिथे सुखाने नांदतो आहे. त्याला कोणी परका म्हणत नाही, कारण तो परका आहे हे कोणाला ठाऊकच नाही. आणि आपण? आपली मुले 'मेस'मध्ये जेवतात, आपण 'फॅमिली रेस्टॉरंट'मध्ये जातो. मराठी वस्तीत मराठीतून नव्याने काढलेली 'खाणावळ' ही पाटी मी शोधत असतो, ती क्वचितच सापडते. भाषा वरून हुकूम आल्याने जाते, असे आपण मानतो. काही वेळा ती आपणच खरकट्याबरोबर उचलून टाकतो. उलट, जो शब्द पोटाशी बांधलेला असतो तो लिपी बदलली तरी टिकतो. पाटीसाठी झगडणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण पानावरचे शब्द सांभाळणे हेही त्याच कामाचे दुसरे अंग आहे, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

म्हणून या दिवाळीत वाचकांना एक विनंती. तुमच्या गल्लीतल्या जुन्या खाणावळीचा, भजीच्या गाड्याचा, मांडे करणाऱ्या आजींचा वृत्तांत लिहून काढा. चूल कोणी पेटवली, दर काय होते, कोण जेवायला येत आणि कोणाला येऊ देत नसत, मसाला कुठून येई, हिशेब कोणत्या भाषेत होई. जुनी दरपत्रके, महिन्याच्या पासाची पुस्तके, 'आज रोख उद्या उधार'च्या पाट्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. सांगणारी माणसे ऐंशी-नव्वदीला आली आहेत. त्यांना फराळाचे ताट द्या, जवळ बसा आणि विचारा. आजी कन्नडात सांगू लागल्या तर कन्नडात ऐका, मराठीत लिहा. आमच्या जिल्ह्यात इतके तर सर्वांनाच येते.