प्रतिस्पर्ध्यांचा तह
जून २००८ मध्यें याहू व गूगल या अमेरिकेंतील प्रतिस्पर्धी शोधयंत्रांनीं तह केला: याहूच्या पृष्ठांवर हवें तेव्हां गूगलकडील जाहिराती लावाव्या व उत्पन्न वांटून घ्यावें. शोधशब्दाशेजारील जाहिरातीची किंमत लिलावानें ठरते. ज्याला गूगलचा भाव परवडत नसे तो याहूच्या दारीं जाई. आतां दोन्ही दारीं लिलाव पुकारणारा एकच; मग माघार घेऊन जावयाचें कोठें? तेथील राष्ट्रीय जाहिरातदार-संघानें विरोध केला. न्यायखातें फिर्याद करणार असें दिसतांच नोव्हेंबरांत गूगलनें अंग काढून घेतलें.

२००९ सालीं याहूनें शोध व लिलाव दोन्ही दहा वर्षांच्या करारानें मायक्रोसॉफ्टकडे सोंपविले. याचें मात्र पुष्कळ जाहिरातदारांनीं स्वागत केलें व २०१० मध्यें त्याच न्यायखात्यानें वाट मोकळी केली. दोन दुबळ्यांची जूट बलाढ्यास आवरील, हा होरा मला भाबडा वाटतो. लिलावाचीं घरें तर तिहींचीं दोनच उरलीं.