इद्दतच्या मुदतीत

इंदूरच्या शाहबानो बेगम यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या समाजात क्वचितच सापडेल. मोर्चे आठवतात, तकरीरी आठवतात. रकमेचा आकडा मात्र कोणाला सांगता येत नाही. १९७९ मध्ये मॅजिस्ट्रेटने त्यांना महिना २५ रुपये पोटगी मंजूर केली. १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. नवरा स्वतः वकील. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ एप्रिल १९८५ रोजी हरला.

सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने पोटगीपुरते बोलून थांबायला हवे होते, असे मला वाटते. कुरआनच्या आयतींचा अर्थ लावायची आणि समान नागरी कायद्याचा विषय काढायची तिथे गरज नव्हती. कौम दुखावली ती त्यामुळे. १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा केला. नवऱ्याची जबाबदारी इद्दतपुरती, पुढे नातेवाईक, नाहीतर वक्फ बोर्ड, अशी सर्वांची समजूत झाली.

शाहबानो यांचेच वकील दानियल लतीफी यांनी त्या कायद्याला आव्हान दिले. निकाल लागला २८ सप्टेंबर २००१ रोजी. घटनेशी विसंगत कायदा रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. त्याने तो वापरला नाही. कायदा कायम ठेवला, पण नीट वाचला. वाजवी व न्याय्य तरतूद आणि पोटगी इद्दतच्या मुदतीत द्यावी, असे कलम ३ सांगते. मुदतीत द्यायची, मुदतीपुरती नव्हे! तरतूद पुढच्या आयुष्याची, फक्त ती इद्दत संपण्याआधी करायची. दुसरा अर्थ घेतला तर इतर स्त्रियांना मिळते ते मुस्लिम स्त्रीला नाकारले जाईल आणि समानतेचे कलम १४ मोडेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आदल्याच वर्षी असाच अर्थ लावला होता. उर्दूच्या तासाला ‘में’ आणि ‘तक’ यांतला फरक मी मुलांना शिकवते. इथे त्यावर बायकांची भाकरी ठरली.

घटनेच्या कलम १४१ मुळे हा अर्थ देशातल्या प्रत्येक मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक झाला. गंमत अशी, की जुन्या कलम १२५ खाली पूर्वी महिना ५०० रुपयांच्या वर जाता येत नसे. १९८६ च्या कायद्यात अशी मर्यादाच नव्हती. पुढे १० जुलै २०२४ रोजी कलम १२५ ची वाटही तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला खुली असल्याचे न्यायालयाने सांगितले.

शाहबानो यांनी १९८५ मध्येच तो निकाल जाहीरपणे नाकारला होता. १९९२ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.