ग्रामीण स्त्रीचे ओटीपोटाचे आजार आणि डॉ. बानू कोयाजी यांचे वैद्यकीय कार्य : वढू बुद्रुक (ता. शिरूर) येथील प्रयोगाच्या संदर्भात

प्रस्तावना

स्त्रीच्या ओटीपोटातील अवयवांचे आजार आधुनिक वैद्यकात दीर्घकाळ दोन शाखांत विभागलेले होते. गर्भाशयाचे विकार स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आणि मूत्राशयाचे विकार मूत्ररोगतज्ज्ञाकडे जात. वास्तविक अंग बाहेर येणे, लघवीवर ताबा न राहणे किंवा अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला छिद्र पडून लघवी सतत झिरपत राहणे, या तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकाच घटनेत, म्हणजे बाळंतपणात असते. अमेरिकेत या दोन शाखांना जोडणाऱ्या उपशाखेस २०११ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न केवळ शल्यविद्येचा नव्हता, हे डॉ. बानू कोयाजी (१९१७-२००४) यांच्या कार्यावरून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्या कार्याचा याच अंगाने विचार केला आहे.

मुंबईची शल्यपरंपरा

डॉ. कोयाजी यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले व १९४० मध्ये त्यांनी एम.डी. ही पदवी संपादन केली. याच संस्थेशी मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९-१९७१) निगडित होते. गर्भाशयाचे मुख सैल असल्यामुळे मधल्या महिन्यांत वारंवार होणारा गर्भपात टाळण्यासाठी तेथे टाका घालण्याची पद्धत त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. 'शिरोडकर टाका' या नावाने ती जगभर रूढ झाली. अंग बाहेर येण्याच्या विकारावरही, गर्भाशय न काढता ते पट्टीच्या आधाराने वर धरून ठेवणारी शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली. अपत्यहीनता हा स्त्रीचाच दोष मानणाऱ्या समाजात तरुण स्त्रीचे गर्भाशय वाचविणे याला शस्त्रक्रियेपलीकडचा अर्थ होता. परंतु या कौशल्याचा लाभ रुग्णालयापर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रीलाच मिळू शकत होता.

पुणे ते वढू

१९४४ मध्ये डॉ. कोयाजी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात रुजू झाल्या. त्या वेळी सुमारे ४० खाटांचे असलेले हे रुग्णालय त्यांच्या कारकिर्दीत सुमारे ५५० खाटांचे झाले. १९९९ पर्यंत त्याची धुरा त्यांच्याकडे होती. एखाद्या शहरी तज्ज्ञाचे जीवनकार्य म्हणून एवढेही पुरेसे ठरले असते. तथापि, पुण्यात उपचाराची सोय वाढल्याने ती खेड्यातील स्त्रीपर्यंत आपोआप पोहोचत नव्हती.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. दौंडला एकोणिसाव्या शतकातच लोहमार्ग आला, तर शिरूर पुणे-नगर रस्त्यावर वसलेले आहे. म्हणजे पुण्याला जाण्यासाठी वाट होती. पण अंगावरून पांढरे जाते किंवा अंग बाहेर येते, हे सासूजवळही बोलायची चोरी असलेल्या स्त्रीला मैलांचे अंतर हा पहिला अडसर नव्हता. शेतीची कामे, पाण्याच्या खेपा आणि बाळंतपणानंतर लवकरच उचलावे लागणारे ओझे यांत दुखणे अंगावर काढणे हीच रीत होती.

१९७२ मध्ये शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे डॉ. कोयाजी यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. भीमेकाठचे हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. गावातीलच व्यक्तींना आरोग्याचे प्रशिक्षण द्यावे, गरोदरपणातील तपासणी, पोषण, स्वच्छता व कुटुंबनियोजन यांची माहिती त्यांच्यामार्फत घराघरांत न्यावी आणि गंभीर रुग्णास रुग्णालयाचे पाठबळ मिळावे, असे या कार्याचे स्वरूप होते. अडलेली बाई वेळेवर रुग्णालयात पोहोचली, दोन मुलांत अंतर राहिले, तर ओटीपोटाच्या अनेक इजा मुळातच टळतात. या दृष्टीने पाहता वढू येथील कार्य हे शल्यविद्येच्या आधीची पायरी होती.

दुखण्याची मोजणी

या आजारांचा विस्तार किती होता, हे पुढे महाराष्ट्रातच सिद्ध झाले. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. गडचिरोलीचे आकडे शिरूर-दौंडला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु रुग्णालयाच्या नोंदींवरून ग्रामीण स्त्रीच्या आजाराचे मोजमाप करणे किती फसवे आहे, हे त्यांनी दाखवून दिले. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर भारतात १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि कुटुंबनियोजनापलीकडील स्त्रीरोगांना शासकीय धोरणात स्थान मिळाले.

समारोप

१९८९ मध्ये पद्मभूषण आणि १९९३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार देऊन डॉ. कोयाजी यांचा गौरव झाला. शहरी रुग्णालयाची साधने ग्रामीण स्त्रिया व त्यांच्या कुटुंबांकडे वळविणे, हे मॅगसेसे पुरस्कारामागील कारण होते. मात्र या कार्याची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. माता-आरोग्याच्या कार्यक्रमांचा भर स्वाभाविकपणे प्रजननक्षम वयावर राहतो. ज्यांची बाळंतपणे या सुधारणांपूर्वीच झाली आणि ज्यांना उतारवयात त्याची किंमत मोजावी लागली, त्या स्त्रिया अशा कार्यक्रमांच्या कडेलाच राहिल्या. त्यांच्यासाठी शिरोडकरांच्या परंपरेतील शस्त्रक्रियाच आवश्यक होती. म्हणूनच महाराष्ट्रातील या वैद्यकशाखेचा इतिहास केवळ शस्त्रक्रियांचा किंवा केवळ खेड्यातील प्रकल्पांचा म्हणून लिहिता येणार नाही. मुंबईचा टाका आणि वढूची आरोग्यसेवा यांतील अंतर किती कमी झाले, हाच त्या इतिहासाचा खरा निकष होय.