इंदूरच्या पाट्या आणि त्यांचे नियम

इंदूर शहरात राजवाड्याजवळ काही पावलांवर सराफा बाजार आहे. दिवसा तेथे सोन्याचांदीचे व्यवहार चालतात आणि दुकानांवर सराफांच्या नावांच्या पाट्या झळकत असतात. रात्र पडली की सराफ आपापली दुकाने बंद करून घरी जातात, आणि त्याच ओट्यांवर व ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी यांची दुकाने मांडली जातात. वरची पाटी सराफाची, खालची हाक हलवायाची, असा हा देखावा असतो. रात्रीचा व्यवहार संपला म्हणजे ती सारी मांडामांड आवरली जाते आणि सकाळी सराफाची पाटी पुन्हा आपल्या जागी एकटी उभी असते. कायमचा फलक आणि तात्पुरता फलक यांचे एवढे समजूतदार सहजीवन फार थोड्या गावांत पाहावयास मिळेल.

नगरशासनाच्या इतिहासात मात्र हे सहजीवन सुखासुखी साधलेले नाही. पाटी कोणी लावावी, कोठे लावावी, किती मोठी लावावी आणि ती केव्हा उतरवावी, हे प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. दुकान ज्याचे त्याचे असते, पाटीही ज्याची त्याची असते. पण पाटी जेथून वाचावयाची तो रस्ता सर्वांचा असतो. दुकानदाराला हाक मारण्याचा हक्क आहे, तसा वाटसरूला निर्वेधपणे चालण्याचाही आहे. या दोन हक्कांच्या सीमेवर पाट्यांचे नियम जन्मास आले.

जुन्या इंदुरात पाटीची गरज फारशी नव्हती, कारण गल्लीच पाटीचे काम करीत असे. सराफा म्हटले की सोने, बजाजखाना म्हटले की कापड, कसेरा बाजार म्हटले की तांब्यापितळेची भांडी. एकाच व्यवसायाचे लोक शेजारी शेजारी बसत आणि गिऱ्हाईक दुकानदाराला नावाने व चेहऱ्याने ओळखत असे. 1818 साली मंदसौरचा तह झाला आणि इंदूर होळकरांची राजधानी बनले. राजधानी झाली तशी परगावची माणसे आली, नवी गंजे वसली, व्यापार वाढला. ज्याला गल्ली ठाऊक नाही आणि माणूसही ठाऊक नाही, अशा परक्याला हाक मारण्यासाठी पाटी लागते. शहर वाढते तसतशी पाटी वाढते, ती याच कारणाने.

1870 साली, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत, इंदुरात नगरपालिका स्थापन झाली. इंदूरच्या पाटीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की तिला दोन भाषांच्या वाचकांपुढे उभे राहावे लागले. 1917 साली मराठी साहित्य संमेलन या शहरात भरले आणि 1918 साली येथेच महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले. मराठी आणि हिंदी या दोघी बहिणींची लिपी एकच. त्यामुळे देवनागरीतली पाटी महाराष्ट्रीय कारकुनालाही वाचता येई आणि माळव्यातल्या शेतकऱ्यालाही.

पाट्यांवर बंधने घालण्याची गरज सर्वप्रथम पटली ती पश्चिमेकडील जुन्या शहरांना, आणि ती फार महागात पटली. अठराव्या शतकातील लंडनमध्ये घरांना क्रमांक नव्हते आणि पुष्कळ लोकांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक दुकानदार सिंह, हंस, मुकुट अशी चित्रे लोखंडी दांड्यांवरून रस्त्यावर टांगत असे. शेजाऱ्यापेक्षा आपली पाटी पुढे यावी, या चढाओढीत त्या इतक्या जड झाल्या की 1718 साली ब्राइड लेन नावाच्या गल्लीत एका पाटीच्या भाराने घराची दर्शनी भिंतच कोसळली आणि चार माणसे प्राणांस मुकली. तरीही तेथे टांगत्या पाट्या काढण्याचा कायदा होण्यास 1762 साल उजाडावे लागले. पॅरिसने 1761 सालीच पाट्या भिंतीला सपाट बसवण्याचा हुकूम काढला होता. त्यानंतर घरांना क्रमांक देण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि पाटीच्या खांद्यावरचा पत्ता सांगण्याचा भार हलका झाला.

पुढे घराच्या छपरावर उंच चौकटी उभारून त्यांवर अक्षरे लावण्याची टूम निघाली. आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या या फलकांवर लंडनने 1891 साली निर्बंध घातले. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या अधिनियमातही अशा आकाशफलकांसंबंधी कलम आहे. त्या कलमाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. शब्द, अक्षर, प्रतिकृती, चिन्ह यांपैकी जे काही खांबावर वा चौकटीवर आधारलेले असून रस्त्यावरील कोणत्याही ठिकाणाहून आकाशासमोर दिसते, ते तीत येते; जाहिरातीसाठी हवेत सोडलेला फुगासुद्धा तीतून सुटत नाही. आणि या परवानगीला दोन वर्षांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे लोखंडाने पक्का बांधलेला फलकदेखील कायद्याच्या दृष्टीने तात्पुरताच असतो; मुदत संपली की त्याने पुन्हा दारात येऊन परवानगी मागावयाची असते. नियम करणाऱ्यांनी येथे मोठे शहाणपण दाखवले आहे. भिंत जुनी होते, खिळा गंजतो, रस्ता रुंद होतो; परवानगी मात्र चिरंजीव असेल तर या बदलांकडे कोणी पाहणारच नाही.

आता पुन्हा इंदुराकडे वळावयाचे, ते 1917 सालच्या दिवाळीकडे. फलकांच्या इतिहासात त्या दिवाळीला मानाचे स्थान द्यावयास हवे. त्या वेळी तिसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते, आणि शहरात प्लेगचे भय होते. नगररचनेचा सल्ला देण्यासाठी दरबाराने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश विद्वानाला पाचारण केले होते. हा गृहस्थ मुळात जीवशास्त्रज्ञ. तो गल्लोगल्ली हिंडू लागला तेव्हा लोक त्याला पाहून दूर सरत. हा साहेब येतो म्हणजे घरे पाडावयासच येतो, असा त्यांचा समज झाला होता. गेडीसने दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली: आपणास दिवाळीपुरते एक दिवसाचा महाराजा करावे. मागणी मान्य झाली. मग शहरात जाहीर करण्यात आले की या वर्षी दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील घरे अधिकांत अधिक स्वच्छ व दुरुस्त झालेली असतील, त्या रस्त्याने ती जाईल.

या एका जाहीरनाम्याने शहर कामाला लागले. घरे झाडली गेली, भिंतींना रंग चढला, आणि गेडीसच्या सांगण्याप्रमाणे सहा हजारांवर गाड्या भरून केरकचरा बाहेर पडला. मिरवणुकीत हत्तीघोडे होते, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. आणि त्यांच्या मागून स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, गळ्यात फुलांचे हार घालून शहराचे सफाई कामगार चालत होते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानणारे लोक त्या काळी होते, त्यांना त्या दिवशी राजमार्गावर मान मिळाला. अखेरीस राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. पुढील वर्षी, 1918 साली, गेडीसचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला आणि नगररचनेच्या अभ्यासकांत तो आजही नावाजला जातो. तो राक्षस, तो उंदीर आणि तो जाहीरनामा हे सारे तात्पुरते फलकच होते. त्यांनी आपले काम केले आणि त्याच रात्री ते नाहीसे झाले. मागे उरली ती झाडलेली घरे.

पाटी करणाऱ्याच्या कारागिरीचाही या इतिहासात वाटा आहे. पूर्वी फलक हाताने रंगवला जाई. पंढरपुरात 1915 साली जन्मलेले आणि इंदुरात बालपण घालवलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत प्रथम चित्रपटांचे भव्य फलक रंगवूनच पोट भरले होते. असा फलक रंगवावयास वेळ लागे, पैसा लागे, कसबी हात लागे. म्हणून फलकांची संख्या आपोआप मर्यादेत राही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर छापलेले फ्लेक्स आले आणि हा नैसर्गिक लगाम तुटला. सकाळी सांगितलेला वाढदिवसाचा फलक संध्याकाळी चौकात लागू लागला. त्यातच, फ्लेक्स कापडासारखा विरत नाही. ज्याचे प्रयोजन एका दिवसाचे, त्याचे शरीर मात्र वर्षानुवर्षे टिकणारे, अशी ही विसंगती आहे; आणि आजच्या नियमांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे.

नियमांची उणीव आहे असे नाही. 1956 साली इंदुरात महानगरपालिका आली आणि त्याच वर्षी हे शहर नव्या मध्यप्रदेशात सामील झाले. 1994 साली त्या राज्याने मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा केला. मालकाच्या लेखी संमतीवाचून लोकांच्या नजरेस पडणाऱ्या मालमत्तेवर शाई, खडू वा रंग यांनी लिहून ती विद्रूप करणाऱ्यास त्यात एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. 2017 साली बाह्य जाहिरातींसाठी राज्याने स्वतंत्र नियमावली केली. त्याच वर्षी वस्तू व सेवा कर आला आणि जाहिरातींवर कर बसवण्याचा जो अधिकार राज्यघटनेने राज्यांकडे दिला होता, तो संपुष्टात आला. नगरसंस्थांच्या हाती परवानगीचे शुल्क आणि जागेचे भाडे राहिले. येथे एक धोका संभवतो. जी संस्था फलकावर अंकुश ठेवते तिलाच फलकापासून उत्पन्न मिळत असेल, तर अंकुश धरणारा हात सैल पडण्याचा मोह होतो.

हा मोह किती घातक ठरू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 5 ऑक्टोबर 2018 रोजी पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात रेल्वेच्या जागेवरील फलकाचा लोखंडी सांगाडा काढला जात असताना तो रहदारीवर कोसळला आणि चौघांचा बळी गेला. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर पडला. सतरा माणसे मृत्युमुखी पडली. मुंबई महानगरपालिकेच्या नियमाप्रमाणे फलकाची मर्यादा चाळीस फूट लांब व चाळीस फूट रुंद अशी होती. तो फलक तिच्या कित्येक पट मोठा होता. ती जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील होती आणि महानगरपालिकेची परवानगी त्याला नव्हती. नियम होता, पण तो कोणी लागू करावयाचा यावर एकमत नव्हते. पावसापासून बचावासाठी पंपाच्या छपराखाली उभ्या राहिलेल्या माणसांना यांतले काय ठाऊक असणार? ब्राइड लेनमधील भिंतीनंतर तीनशे वर्षे लोटली, तरी धडा तोच राहिला.

नियम पाळले जाऊच शकत नाहीत, ही समजूतही खरी नव्हे. निवडणूक जाहीर झाली म्हणजे निवडणूक आयोगाच्या आदेशाप्रमाणे सरकारी इमारतींवरील राजकीय फलक चोवीस तासांत, इतर सार्वजनिक जागांवरील अठ्ठेचाळीस तासांत आणि खाजगी मालमत्तेवरील अनधिकृत फलक बहात्तर तासांत उतरवावे लागतात. एरवी वर्षभर जे अशक्य म्हणून सांगितले जाते ते तीन दिवसांत घडते. तीच शिडी, तेच कामगार आणि तीच महानगरपालिका. फरक पडतो तो एवढाच की उतरवण्याचा दिवस आधी ठरलेला असतो आणि तो चुकला तर जाब द्यावा लागतो.

उतरवण्याचा दिवस ठरवणे हे या भूमीला नवे नाही. चैत्र पाडव्याची गुढी सकाळी उभारतात आणि सूर्यास्तापूर्वी उतरवतात. गणपतीच्या आगमनाबरोबरच विसर्जनाची तिथी ठरलेली असते. नाताळचा कागदी तारा तीन राजांच्या सणानंतर खाली येतो. जे दारात मांडले त्याची सांगता वेळेवर करावी, ही शिकवण घराघरांत आहे. ती चौकात का पोहोचू नये? प्रत्येक तात्पुरत्या फलकाच्या कोपऱ्यात तो कोणी लावला आणि कोणत्या दिवशी उतरणार हे वाटसरूला वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले असेल, तर निम्मी देखरेख नागरिकच करतील. कायमच्या पाटीची पारख तिच्या बळकटीने व्हावी आणि तात्पुरत्या पाटीची पारख तिच्या वेळेवर जाण्याने.

2017 सालापासून स्वच्छतेच्या देशव्यापी सर्वेक्षणात इंदूरने वर्षानुवर्षे पहिला क्रमांक पटकावला. या यशाची बीजे 1917 च्या त्या मिरवणुकीत कोणी शोधली, तर त्याला सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही. केर उचलण्याची शिस्त ज्या शहराने अंगी बाणवली, त्याला कालबाह्य फलक उतरवण्याची शिस्त जड वाटू नये. मुदत संपलेला फलक हाही एक केरच आहे, फक्त तो जमिनीवर नसून डोक्यावर असतो. सराफ्यातील हलवाई पहाटेच्या आत आपला पसारा आवरतो आणि सराफाच्या पाटीला तिची जागा परत देतो. नगरशासनाला याहून निराळा नियम शिकावयाचा नाही.