पोर्तबोउचा रस्ता

स्पेनच्या ईशान्य टोकाला, कॅटलोनियात, भूमध्य समुद्राला भिडलेल्या किनाऱ्याला ‘कोस्ता ब्रावा’ हे नाव मिळाले ते १९०८ साली. फेरान अगुल्यो या लेखक-पत्रकाराने ते एका कॅटलन वृत्तपत्रात प्रथम वापरले. ‘ब्रावा’ म्हणजे रांगडा, रानवट. नाव समर्पक आहे यात शंका नाही; मात्र ते निवांतपणे किनारा न्याहाळणाऱ्याने दिलेले नाव आहे. याच किनाऱ्यावरून जीव मुठीत धरून गेलेल्यांनी त्याला काय म्हटले असते, हा प्रश्न आमच्या छोट्याशा प्रवासात वारंवार मनात येत राहिला.

कादाकेसहून आम्ही सकाळी मोटारीने निघालो. शेजारच्या पोर्तलिगातला दालीचा वाडा आणि काप दे क्रेउसचे वाऱ्याने कोरलेले खडक यांविषयी इतके लिहून झाले आहे की आम्ही भर घालण्याचे कारण नाही. तेथून उत्तरेकडे ल्यान्सा, कोलेरा, पोर्तबोउ आणि सीमा ओलांडून फ्रान्समधले कोलिऊर. सारे मिळून अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. पण रस्ता कड्याला बिलगून वळणे घेत जातो, आणि ‘त्रामुंताना’ हा उत्तरेचा वारा सुटला की मोटारीचे दारही जपून उघडावे लागते.

पोर्तबोउ हे जेमतेम खेडे, आणि त्याच्या डोक्यावर अवाढव्य रेल्वे स्थानक! स्पेन आणि फ्रान्स यांच्या लोहमार्गांची रुंदी वेगळी असल्याने सीमेवर गाडी बदलणे भाग पडे. त्या गरजेतून हे स्थानक आणि त्याभोवतीचे गाव वाढले. २६ जानेवारी १९३९ रोजी बार्सेलोना फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडले आणि पुढच्या काही दिवसांत पाच लाखांच्या आसपास माणसे फ्रान्सकडे लोटली. त्यांतले कित्येक याच रस्त्याने गेले. त्या गर्दीत कवी आंतोनिओ माचादो होता. वय ६३, प्रकृती खालावलेली, सोबत वृद्ध आई, भाऊ आणि भावजय. २२ फेब्रुवारीला कोलिऊरमधल्या एका छोट्या हॉटेलात तो गेला. तीन दिवसांनी आईही गेली.

त्यानंतर वीस महिनेही उलटले नाहीत तोच माणसे उलट दिशेने येऊ लागली. वाल्टर बेन्यामिन आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा यांत्रिक पुनर्निर्मितीच्या युगातील कलाकृतीविषयीच्या निबंधातून भेटतो. हृदयविकाराने जर्जर झालेला तो बेन्यामिन सप्टेंबर १९४० मध्ये लिसा फिट्कोच्या मार्गदर्शनाखाली बान्युल्सहून डोंगरवाटेने, हातात एक जड काळी बॅग घेऊन, पोर्तबोउला उतरला. फ्रान्स सोडण्याचा परवाना नसलेल्यांना परत पाठवले जाईल, असे त्याला सांगण्यात आले. २६ सप्टेंबरला त्याने जीवन संपवले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सोबत्यांना मात्र पुढे जाऊ दिले गेले. दफ्तरात नाव-आडनावाची उलटापालट होऊन त्याची नोंद ‘बेन्यामिन वाल्टर’ अशी झाली आणि दफन कॅथलिक विभागात झाले. काही महिन्यांनी हाना आरेंट आली तेव्हा तिला थडगे सापडले नाही. त्या बॅगेत काय होते, हे आजही कोणाला ठाऊक नाही.

स्मशानभूमीलगत दानी काराव्हानने उभारलेले स्मारक १९९४ साली खुले झाले. गंजक्या पोलादाचा एक अरुंद जिना खाली समुद्राकडे उतरतो आणि मध्येच काचेने अडवला जातो. त्या काचेवर बेन्यामिनचेच शब्द आहेत, आणि त्यांचा रोख अनामिकांकडे आहे. ते वाचून आम्ही थोडे ओशाळलो, हे कबूल केले पाहिजे. आम्हीही दोन नामवंतांच्या मरणाचे ठिकाण पाहायलाच आलो होतो की! माचादोच्या थडग्यापाशी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांसाठी चक्क टपालपेटी आहे. ती आम्ही त्याच दुपारी पाहिली आणि भारावलो, हेही खरे.

परतताना सीमेवरच्या खिंडीत, कोल दे बेलित्रेसला, थांबलो. जुन्या चौकीची ओसाड इमारत, खाली निळेशार पाणी. तेथे १९३९ च्या निर्वासितांची छायाचित्रे मांडली आहेत: बोचकी, घोंगड्या, मुले, सैनिक. वाऱ्यात नीट उभे राहता येत नव्हते, तरी आम्ही एकेक छायाचित्र पाहत गेलो. त्यांतल्या एकाही चेहऱ्याचे नाव आम्हांला माहीत नव्हते.